नारिंगी चोच

मित्रांनो, माझ्या दांड्याचा रंग उडाला आहे आणि केस मोजून नऊ उरले आहेत. तरी मला जुना कुंचला म्हणा, मोडका म्हणू नका. एके काळी माझ्या टोकातून दिवसाला चारशे चोची उमलत.

लाकडी खेळण्यांच्या कारखान्यात खिडकीजवळच्या बाकावर मी कामाला होतो. बदकं पिवळी होऊन ओळीनं येत आणि मी त्यांना नारिंगी चोच देई. मला धरणारीला सगळे चोचताई म्हणत, चोची काढते म्हणून, आणि दिवसभर तिची टकळी चालू असे म्हणूनही. हात मोकळा हवा असला की ती मला अंबाड्यात खोचून ठेवी. तिथून, उन्हाची तिरीप पडली की, सारी बदकं जणू तळ्यात तरंगताना दिसत. मला वाटे, मीच त्यांना पोहायला शिकवलं. मुकादम म्हणे, "हिच्या हाताला तोड नाही." मी फुगून जाई.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकी. दर वर्षी प्रत्येकाला एक बदक फुकट मिळे आणि कुणीच ते घरी नेत नसे. रंग कालवणारे काका हळूच म्हणत, "शिसं आहे यात. चकाकतं छान, पण लेकराच्या पोटात जायला नको." मग सगळे साबणानं तीनदा हात धुऊन घरी जात. काका म्हणत, मी नुसता कालवतो. चोचताई म्हणे, मी नुसती चोच काढते. मीही मनात म्हणे, मी तर नुसता कुंचला.

एका संध्याकाळी ती मला अंबाड्यातच विसरली आणि मी तिच्या घरी पोचलो. तिच्या पाच वर्षांच्या लेकीनं मला ओढून काढलं आणि टोक करायला ओठांत धरलं. "थुंक आधी! बदकांचा रंग आहे तो!" म्हणत चोचताईनं लेकीला पुन्हा पुन्हा चुळा भरायला लावल्या.

"आई, बदकं चावणाऱ्या बाळांना चुळा कोण भरायला लावतं गं?"

चोचताईनं मला उचलून पुन्हा अंबाड्यात खोचलं.

सकाळी ती मुकादमाला म्हणाली, "रंग बदला, नाहीतर मी चोच काढणार नाही."

"अगं, रंग मालकांचा. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस? तू नाही काढलीस तर दुसरी काढेल."

"काढू दे. माझा हात धजत नाही आता."

उद्या घर कसं चालायचं ही काळजी होतीच, पण ती निघाली. मी अंबाड्यात होतो.

आता ती एका शिंप्याकडे काजं करते, पगार निम्मा आहे. मला तिनं सात पाण्यांनी धुतलं. लेक मला नुसत्या पाण्यात बुडवून पाटीवर बदकं काढते आणि ती वाळून नाहीशी होतात. माझी ती बदकं मात्र नाहीशी होत नाहीत, मित्रांनो. डोळा लागला की ती ओळीनं तरंगत येतात आणि प्रत्येकाच्या नारिंगी चोचीवर इवल्या दातांच्या खुणा असतात.

म्हणून विनवतो. मोठे व्हाल, तुमच्याही हाताला काम लागेल. जे केलंत ते आपल्याच लेकराच्या हाती द्यायला मन कचरलं, तर त्याच दिवशी थांबा. रोज चारशे चोची, अशी सहा वर्षं मी थांबलो नव्हतो.