जिथे काही लिहिलेलं नसतं

"छान म्हणू नकासा, अप्पा. पुन्हा छान म्हटलासा तर फोन ठेवीन बघा."

पुंडलिक कॅसलरॉकच्या फलाटाच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीखाली उभा होता. रेल्वे क्वार्टर्समध्ये फोनला रेंज नाही. ती इथे मिळते, तीही टाकीच्या एका ठरावीक खांबाला पाठ लावून उभं राहिलं तर. गावातल्या कितीतरी सोयरिकी, भांडणं आणि बाळंतपणं या खांबाने सगळ्यांच्या आधी ऐकली आहेत.

"मग काय म्हणू?" पुंडलिकने विचारलं.

"कुठं बिघडलंय ते सांगा. हितल्या मैत्रिणी समद्या छानच म्हणत्यात. तुमचा कान हाय म्हणून तुम्हाला विचारालेय."

अश्विनी त्याची एकुलती एक मुलगी. बेंगळुरूत एका कुरिअर कंपनीत दिवसभर लोकांच्या तक्रारींचे फोन घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी संगणकावर गाणी बांधायची. गाणी म्हणजे गेममधली. लहानपणी शेजारच्या क्वार्टरमध्ये टीव्हीला जोडायचा एक गेम होता. हातात कंदील घेतलेली पोरगी गुहेतून चालते आणि वटवाघळं चुकवते, एवढंच त्यात. गुहेत शिरलं की चार-पाच सुरांची टिंगटिंग वाजायची. ती टिंगटिंग घेऊन अश्विनीने चार मिनिटांचं नवं संगीत केलं होतं. याला रिमिक्स म्हणतात. जगभरातली हौशी माणसं असले रिमिक्स करून एका वेबसाइटवर पाठवतात आणि तिथले परीक्षक त्यातले थोडे निवडतात. अश्विनीचं दोनदा परत आलं होतं. 'काहीतरी कमी आहे' एवढाच शेरा. काय कमी आहे, कुठे कमी आहे, याचा पत्ता नाही. आता तिसऱ्यांदा पाठवायचं, आणि यावेळी परत आलं तर हा नाद सोडायचा, असं तिने आईला सांगून टाकलं होतं.

रिमिक्स म्हणजे काय हे तिने समजावलं तेव्हा पुंडलिक म्हणाला होता, "म्हंजे लाइन तीच, लाकडी स्लीपर काढून सिमिटाचे घातलेत." "व्हय, तसंच," असं ती म्हणाली आणि तेव्हापासून या विषयात आपल्याला सगळं समजतं, असं तो धरून चालला होता.

त्याच्या कानाबद्दल मात्र ती खोटं बोलत नव्हती. पुंडलिक एकतीस वर्षं रेल्वेत कीमन होता आणि निवृत्तीला अजून आठ महिने होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडी आणि हातात झेंड्या घेऊन घाटातल्या लाइनीवरून एकटा चालायचा. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. त्यातली ढिली कुठली, हे तो हातोडी मारून आवाजावरून ओळखायचा. दोन हलके आणि एक जड, हा त्याचा ठोका. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नसलं तरी मुकादम कान्हू त्या ठोक्यावरून सांगायचा, पुंडलिकदादा वळणापाशी आले. अश्विनी सात वर्षांची असताना तिला एकदा स्टेशनाजवळच्या बंद सायडिंगवर नेऊन त्याने तो आवाज ऐकवला होता. घट्ट चावी कशी खणकते आणि ढिली कशी बद्द वाजते. पोरगी दिवसभर ताट-वाट्या बडवत बसली होती आणि आईच्या शिव्या खात होती.

"बरं," पुंडलिक म्हणाला. "बघतो. खरं खरं लिवून पाठवतो."

त्याने दोन दिवस ते गाणं ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, त्याने त्यावर गस्त घातली. इअरफोन कानात कोंबून, ड्युटीच्या डायरीसारखीच एक जुनी वही मांडीवर घेऊन, पुढे-मागे, पुढे-मागे. मग वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवला. पानावर नऊ ओळी होत्या. '०:३५, ढिलं. १:१२, खालनं दबतंय. १:५०, दोन आवाज एकावर एक चढलेत. ३:२०, जोड दिसतोय.' असं खालपर्यंत. शेवटी सवयीने सही आणि तारीख.

चार दिवस पोरीचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी त्याची बायको इंदुबाई टाकीखालून फोन करून तरातरा घरी आली आणि तिने पिशवी धाडकन कट्ट्यावर ठेवली.

"रडालीया ती."

"कोण?"

"कोण काय! लेक तुमची. नऊ चुका दावलासा म्हणं. एक शबुद चांगला न्हाई. आता पाठवत न्हाई म्हणालीया कुठं. समदं पुसून टाकते म्हणालीया."

पुंडलिक खरोखर चकित झाला. "अगं, चार मिंटाचं गाणं हाय. नऊच तर जागा. बाकी समदं चांगलंच की!"

"मग तसं लिवलासा कुठं?"

"आता चांगलं काय लिवायचं? ढिलं दिसलं की लिवायचं. जितं काय लिवलं न्हाई तितं ठीक हाय. सोळा किलोमीटर ठीक, सतरा किलोमीटर ठीक, असं लिवत बसलं तर वह्या पुरतील काय?"

इंदुबाई खाली बसली आणि बोलली तेव्हा तिचा आवाज उतरला होता.

"पस्तीस वर्सं झाली. मीठ कमी पडलं त्या दिवशी तेवडं बोलतासा. बाकीच्या दिवशी मी काय समजायचं? गोड लागलं, का नुसतं गिळलासा?"

पस्तीस वर्षांचा स्वयंपाक पुंडलिकच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. त्याला वाटत होतं, आपलं गप्प राहणं हीच पावती आहे आणि ती बायकोला रोज पोचते आहे. ती एकदाही पोचली नव्हती. त्याला फार वाईट वाटलं.

"गोडच असतंय," तो म्हणाला.

"आता म्हणतासा," इंदुबाई म्हणाली. पण चहा तिने नेहमीपेक्षा मोठ्या कपातून दिला.

त्या संध्याकाळी तो वही घेऊन पुन्हा बसला. यावेळी त्याने एक सेकंदही सोडला नाही. '०:०० ते ०:३५, लई चांगलं. कंदील लावल्यागत वाटतं. ०:३५, ताल मागं राहतोय, जरा आधी आण. १:१२, खालचा ढोल निम्म्यावर आण, म्हंजे धून वर यील. धून चांगली हाय म्हणून सांगालोय, नायतर सांगितलं नसतं.' चांगलं लिहिणं त्याला चुका लिहिण्यापेक्षा अवघड गेलं. चांगल्याला इतके शब्द लागतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. एक जागा तर त्याला इतकी आवडली की त्याने खाली दोन रेघा मारल्या. '२:४० ते २:५५. इथं तू समदं थांबवलंस. एकदम गप्प. बोगद्यातनं भायेर आल्यावर होतं तसं. ही जागा सगळ्यात भारी.'

पाच पानं झाली. पाच फोटो गेले.

दुसऱ्या संध्याकाळी इंदुबाईच्या मोबाइलवर फोन आला तेव्हा दोघंही टाकीखाली होती. पोरीचा आवाज बदललेला होता. ती भराभर बोलत होती. ढोल निम्म्यावर आणला, ताल पुढे घेतला, तिथे खरंच ढिलं होतं अप्पा, मला महिनाभर कळत नव्हतं. पुंडलिक खांबाला टेकून हसत होता.

"आणि अप्पा, ते दोन चाळीसचं... तितं गप्प असं का लिवलासा?"

"गप्पच हाय की. तेच तर आवडलं."

"गप्प न्हाई ओ. तितं घंटी हाय. बारीक. तुमच्या हातोडीवरनंच बांधलीया, मी ल्हान असताना ऐकलेली. ढिली का घट्ट ते बघता तसली. ती तुम्हाला ओळखू येती का बघायचं होतं मला."

पुंडलिकने चालू फोन इंदुबाईच्या हातात परत दिला आणि आपल्या मोबाइलवर गाणं लावून इअरफोनचं एक बोंड तिच्या कानात घातलं, एक आपल्या. दोन चाळीस आले. त्याच्या कानात बोगद्याबाहेरची ती सुंदर शांतता होती. इंदुबाईच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"आगं बया," ती म्हणाली. "ही तर तुमचीच की ओ."

त्याने बोंडं अदलाबदल करून पाहिली. गाणं पुन्हा लावलं. पुन्हा शांतता. इंदुबाईचं हसू हळूहळू मावळलं. "त्यांस्नी ऐकू येईना गं," ती फोनमध्ये हळूच म्हणाली.

फोनवरून अश्विनीने विचारलं, "अप्पा, लाइनीवर मागनं गाडी आलेली ऐकू येती न्हवं तुम्हाला?"

गाडीची शिट्टी वाजायच्या आधी रूळ बारीक गुणगुणतो. कीमन त्या गुणगुणण्यावर जगतो. शिट्टी वळणाआड अडकते, रूळ अडकत नाही. ते गुणगुणणं ऐकू येऊन किती दिवस झाले, हे पुंडलिक स्वतःला विचारत नव्हता. चाव्या तो वर्षभर हाताला बसणाऱ्या दणक्यावरून ओळखत होता. वारा फार आहे, पाऊस फार आहे, रातकिडे फार आहेत, असं काहीतरी त्याच्याकडे रोज तयार असे. गेल्या महिन्यात वळणावर मालगाडी पाठीशी येऊन ठेपली तेव्हा तो बाजूच्या गटारात उडी मारून वाचला होता. गुडघा फुटला होता आणि घरी त्याने पाय घसरला म्हणून सांगितलं होतं.

"गुडघा," इंदुबाई एवढंच म्हणाली.

"व्हय," पुंडलिक म्हणाला.

सकाळी त्याने ड्युटीची डायरी कान्हू मुकादमापुढे ठेवली. कान्हूने वाचलं आणि पुन्हा वाचलं. नेहमीच्या अक्षरात, नेहमीच्या जागी लिहिलेलं होतं: 'कीमन पुंडलिक. कान, वरचा बारीक आवाज नाही. बदलावा.' खाली सही, तारीख.

"दादा, आठ म्हैनं राह्यलं तुमचं. सुम्म, गप बसा की. मी कुणाला सांगत न्हाई."

"ढिली चावी दिसली तर आठ म्हैनं ठेवशील काय?"

कान्हूने डायरी मिटून काखेत मारली. एकतीस वर्षं तो या माणसाच्या ठोक्यावर भरवसा ठेवून गाड्या जाताना बघत आला होता. पुंडलिकने खांद्यावरची हातोडी काढली आणि दांडा कान्हूकडे करून दिली. दांडा मधोमध झिजून त्याच्या मुठीचा आकार घेऊन बसला होता. "नव्या पोराला दांडा बदलून दे," तो म्हणाला. "हा त्याच्या हाताला बसायचा न्हाई."

हुबळीला तपासणी झाली. त्याला अवजारांच्या खोलीत बसवलं. पहारी, पाने, झेंड्या देणं-घेणं. काम हलकं होतं आणि पहिले काही दिवस त्याला ते फार जड गेलं. सकाळी लाइनीवर निघालेल्या पोराकडे तो दारातून बघत राहायचा.

अश्विनीने फोन केला. "अप्पा, घंटी खालच्या सुरात घेते. तुम्हाला ऐकू येईल अशी. दहा मिंटाचं काम हाय."

"अजाबात न्हाई," पुंडलिक इतक्या जोरात म्हणाला की फलाटावरचं कुत्रं उठून बसलं. "माझ्यासाठी गाणं खाली आणतीस व्हय? माणूस बदलतात, लाइन न्हाई. वरच राहू दे ती. आनि पाठवून दे."

तिने पाठवून दिलं. निकालाला अजून महिना होता. पण वेबसाइटला पाठवलेलं तेच शेवटचं गाणं तिने अप्पांनाही पाठवलं होतं आणि त्यावर शेरा आल्याशिवाय मला चैन पडणार नाही, असं बजावलं होतं.

म्हणून रविवारी उन्हं उतरल्यावर पुंडलिक आणि इंदुबाई टाकीखालच्या कट्ट्यावर बसले. एक बोंड त्याच्या कानात, एक तिच्या. मांडीवर वही उघडी. ०:३५ ला ताल बरोबर जागेवर आला. त्याने लिहिलं, 'चांगलं.' १:१२ ला धून ढोलाच्या वर आली. त्याने लिहिलं, 'लई चांगलं.' हल्ली हा शब्द त्याच्या हातून सहज उतरत होता. काल तर आमटीलाही त्याने तो लावला होता आणि इंदुबाईने तब्येत बरी आहे ना, असं विचारलं होतं.

दोन चाळीस आले आणि सगळं थांबलं. त्याने पेन थांबवला आणि समोरच्या रुळांकडे बघत बसून राहिला.

तेवढ्यात इंदुबाईने त्याचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर उताणा ठेवला. समोर बघतच तिने त्याच्या तळहातावर बोट टेकवलं. दोन हलके. एक जड. दोन हलके. एक जड. पंधरा सेकंद, एकही न चुकता.

गाणं पुढे सरकलं. मग डावा हात तिथेच ठेवून, वही गुडघ्याने सावरत, पुंडलिकने उजव्या हाताने लिहिलं:

'२:४० ते २:५५. वाजतंय. गाडी जाऊ द्यावी.'

खाली सही केली, तारीख घातली. मग वही इंदुबाईपुढे धरून तो म्हणाला, "तू बी कर सही."