खोडलेले चाळीस

"सहा पोरं, सहा वेगळे बाक. आणि सहाही जणांनी आधी चाळीस लिहून खोडलेत," ड्रागोव म्हणाला. "मग पंचेचाळीस लिहिलेत. हे तुम्हाला साधं वाटतं, बाई?"

"साधंच आहे. मीच शिकवलंय."

परीक्षा कचेरीतून आलेल्या ड्रागोवने स्क्रीन बिस्त्रा वेल्कोवाकडे वळवली. सातवीचे गणिताचे पेपर यंदा पहिल्यांदाच मशीनने तपासले होते. ते नुसतं उत्तर बघत नव्हतं. पोरांच्या हस्ताक्षरातली एकेक पायरी वाचायचं आणि सारख्या चुका एका गठ्ठ्यात टाकायचं. या गठ्ठ्यावर लाल शेरा होता: नक्कल केल्याचा संशय. सहाही पोरं बिस्त्राच्या वर्गातली.

"बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येणार," ड्रागोव म्हणाला. "चूक सारखी आली, की ती आली कुठून ते विचारावं लागतं."

"चूक नाही ती, अंदाज आहे. टाकी दोन हजार एकशे साठ लिटरची. नळातून मिनिटाला बावन्न लिटर येतं, चार गळून जातं. ठोकळमानाने दोन हजार भागिले पन्नास, चाळीस. तो आधी लिहायचा, त्यावर एक रेघ मारायची आणि मग नीट सोडवायचं. उत्तर आसपास आलं नाही, तर कुठंतरी घसरलो. वह्या आणून दाखवू?"

"वह्या काय, काल रात्रीसुद्धा लिहून होतात."

त्याचा आवाज मऊ होता. बिस्त्राला तो त्याचमुळे खटकला. निकाल आधीच ठरवून हा माणूस नुसता सह्या गोळा करायला आलाय की काय?

"एखाद्या पोराला बोलवा," तो म्हणाला. "नवं गणित देतो. खरीच सवय असेल, तर हात आपोआप तेच करेल. मी तसं लिहून देईन."

त्या सहांतली येलित्सा बाहेर व्हरांड्यात आईबरोबर थांबली होती. आई, तेमेनुगा, पावाच्या कारखान्यातून तशीच आली होती, केसांवरची जाळीही काढली नव्हती. टाकीच्या या गणिताचे गुण धरले तरच येलित्साला रुसे शहरातल्या गणिताच्या शाळेत जागा मिळत होती.

पोर आत येऊन खिडकीजवळच्या बाकावर बसली. ड्रागोवने तिच्यापुढे टॅब्लेट ठेवला. ती लिहील ते त्याच्या स्क्रीनवर उमटणार होतं. सूर्यफुलाचं बी तीन हजार चोवीस किलो, त्यातलं अठ्ठेचाळीस किलो खराब निघालं. उरलेलं बासष्ट किलोच्या पोत्यांत भरायचं, तर पोती किती?

तीन हजार भागिले साठ, पन्नास, बिस्त्राने मनात केलं. लिही बाळ. लिही आणि खोड.

दोघांची नजर स्क्रीनवर होती. बराच वेळ स्क्रीन कोरी राहिली. मग वजाबाकी आली, भागाकार आला, खाली उत्तर आलं: अठ्ठेचाळीस. एकही रेघ मारलेली नव्हती.

"छान अक्षर आहे," ड्रागोव म्हणाला.

बिस्त्राच्या मनात पाल चुकचुकली. खरंच कुणी चिठ्ठी फिरवली असेल? आपण आपलीच पोरं ओळखत नाही का? येलित्सा खाली मान घालून बाहेर गेली. बिस्त्रा तिच्यामागे दारापर्यंत गेली.

"अंदाज का नाही लिहिलास गं?"

"मीच सांगितलंय तिला," तेमेनुगा मध्येच म्हणाली. "म्हटलं, आज काही म्हणजे काही खोडायचं नाही. खोडलेलं त्या मशीनला खपत नाही म्हणतात. का बाई, माझं काही चुकलं का?"

बिस्त्रा वर्गात परतली आणि येलित्साच्या बाकावर जाऊन बसली. खिडकीतून कलतं ऊन आत आलं होतं. त्या उन्हात बाकाच्या गुळगुळीत फळीवर, टॅब्लेटच्या डाव्या बाजूला, घामट बोटाने काढलेला आकडा चकाकत होता. पन्नास. त्यावर एक आडवी रेघ.

"ड्रागोव साहेब, इकडे या. उभ्याने नाही दिसायचं, खाली वाका."

तो वाकला. पुष्कळ वेळ वाकूनच राहिला. मग त्याने फोन काढून फोटो घेतला, पुन्हा घेतला. दोन्हींत खिडकीची चमक तेवढी आली.

"मला दिसतंय, बाई," तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज मऊ नव्हता. "पण अहवालाला जोडू काय? कचेरीत जातं ते स्क्रीनवरचं."

"तुम्ही पाहिलंत, एवढं लिहा."

त्याने टॅब्लेट पिशवीत घातला, चेन ओढली. "पोरीने खोडलं नाही, असं लिहावं लागेल. सहाही जणांचे त्या प्रश्नाचे गुण जातील."

तो गेला. व्हरांड्यात तेमेनुगा त्याला काहीतरी विचारत होती. त्याचं उत्तर इथवर ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने स्लावामावशी बादली आणि ओलं फडकं घेऊन आत आली. एकेक बाक पुसत खिडकीशी पोचली.

"उठा बाई, एवढा राहिला."

"हा राहू दे, मावशी."

"का? घाण आहे का कसली?"

"नाही," बिस्त्रा म्हणाली आणि ऊन सरकेपर्यंत तिथेच बसून राहिली.