हाताने फाडलेले कापड

माझा धाकटा भाऊ बारी गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याच्या मातीवर दोघांनी हक्क सांगितला होता. एक सरकार आणि दुसरी मी. सरकारची तयारी माझ्यापेक्षा चोख होती. सकाळीच ऑपेरा थिएटरचा ट्रक येणार, त्याला पेटीत घालून नेणार. अंगावर काळा टेलकोट, चेहरा उघडा, उशीवर पदके, वाद्यवृंद, भाषणे. सगळे कझान शहर रांगेने येऊन बघून जाणार. माझ्याकडे फक्त एक गाठोडे होते.

आम्हा तातार मुसलमानांत बाई साठीला टेकली की आपले मरणाचे गाठोडे बांधून पेटाऱ्याच्या तळाशी ठेवते. त्यात कफनाचे पांढरे कापड, साबण, न्हाऊ घालणाऱ्यांना द्यायचे टॉवेल. कापडाला कात्री लावायची नाही, हातानेच फाडायचे. टाका घातलाच तर दोऱ्याला गाठ मारायची नाही. बारीसाठी असे काही कुणी बांधून ठेवले नव्हते. सरकारने ज्याच्या गळ्यावर पदके ओवाळून टाकली त्याच्या घरात असले गाठोडे कोण ठेवणार? तेव्हा माझेच काखोटीला मारले आणि त्याच्या घरी पोचले. दारातच भावजय आडवी.

"आपा, ते घेऊन आत यायचं नाही," मर्यम म्हणाली.

"मग काय तुझा चहा प्यायला आले मी या थंडीत?"

"इल्दुसचा प्रबंध पुढच्या महिन्यात आहे. घरात असलं धर्माचं काही झालं म्हणून कुणी कान भरले तर पोराला विद्यापीठातून हाकलतील. गेलेला गेला. राहिलेल्याचं बघा जरा."

"गेलेल्यानेच सांगितलंय मला."

हे खोटे नव्हते. पानगळीत त्याला इस्पितळातून घरी आणले तेव्हा त्याने माझे मनगट धरले आणि म्हणाला, "रोकिया आपा, मला बाबांच्या रीतीनं पाठव." ज्या आवाजावर बाल्कनीतल्या बायका फुले फेकत, तो आवाज तेव्हा पत्र्याच्या डब्यातल्या खड्यासारखा झाला होता.

बाबा म्हणजे सालिमझान मुल्ला, आमच्या तातार वस्तीतल्या मशिदीचे. बारीला गाणे शिकायचे होते आणि मुल्लाच्या पोराला संगीतशाळेत कुणी उभे करत नव्हते. तेव्हा सतरा वर्षांच्या त्या गाढवाने वर्तमानपत्रात चार ओळी छापून आणल्या, की या माणसाशी माझे काही नाते नाही. आडनावही टाकले. पोस्टरवर तो बारी इदेल झाला. इदेल म्हणजे आमची व्होल्गा. बाप सोडला आणि नदी धरली. बाबांनी त्या ओळी वाचल्या, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे त्याचा. गाऊ दे." सदतीस साली सरकारची माणसे बाबांना घेऊन गेली. ते परत आले नाहीत, त्यांची कबरही आम्हाला ठाऊक नाही. बारीने त्यानंतर उभ्या आयुष्यात बाबांचे नाव घेतले नाही. ते घेतले इस्पितळातून आल्यावर, माझे मनगट धरून.

हे सगळे मर्यमला माहीत होते. तरी ती दारातून हटेना. मलाही राग आला, पण खरे सांगते, तिचा चेहरा बघून अर्धा उतरला. तिने एक माणूस गमावला होता आणि दुसऱ्यासाठी उभी होती.

तेवढ्यात जिन्यावरून हम्झा अब्जी आले. आयुष्यभर ट्राम चालवलेला म्हातारा, आमच्याच आवारातला, सगळ्यांचा अब्जी म्हणजे काका. शहरात चालू असलेली मशीद एकच, आणि तिथल्या इमामाला बोलावले की दुपारपर्यंत वर खबर. म्हणून दुआ पाठ असलेले हे अब्जीच घरोघर जात. हातात नळदुरुस्तीची पिशवी, आणि पिशवीतून तांब्याच्या झारीची लांब चोच बाहेर डोकावत होती.

"अब्जी, ही चोच जरा आत दडपा," मी म्हटले.

"चोच आत घातली की मूठ बाहेर येते. जन्मभर हेच चाललंय," ते म्हणाले आणि मर्यमकडे वळले. "बेटा, मला एकट्याला जमणार नाही. पाणी ओतायला घरचा पुरुष पाहिजे."

इल्दुस आतल्या दारात उभा होता. तिशीतला माणूस, डोळ्यांवर चष्मा, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. त्याने मनगटावरचे घड्याळ काढले आणि बाह्या वर केल्या.

"इल्दुस, विचार कर," मर्यम म्हणाली.

"रात्रभर तेच केलं, आई. आता पाणी तापव."

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी जन्मात विसरणार नाही. मग स्वयंपाकघरात गेली आणि पाणी तापवायला ठेवले.

ठरले असे. कफनाची आतली दोन कापडे न्हाऊ घातल्यावर लगेच गुंडाळायची, वरून टेलकोट. अंग ताठले होते, म्हणून मी कोटाची आणि शर्टाची पाठ उसवून ठेवली. फरच्या कारखान्यात चाळीस वर्षे शिवण केले, तेवढे तरी कामी आले. तिसरे, बाहेरचे कापड इल्दुस आपल्या ओव्हरकोटात दडवून कब्रस्तानात नेणार होता.

आत पहिली झारी ओतल्याचा आवाज आला आणि बाहेर घंटी वाजली.

रफकात गायनुल्लोविच. संस्कृती खात्यातला, आजच्या सोहळ्याचा सगळा भार त्याच्या डोक्यावर. ट्रकच्या आधीच येऊन टपकला होता. कॉलरला खरा फर, दाढी नुकतीच घोटलेली. याची आई आमच्या गल्लीतली, हे मला ठाऊक होते आणि ते मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होते. म्हणून तो माझ्याशी रशियनमध्ये बोलला.

मी तातारमध्येच उत्तर दिले. "बस रे. चहा घे. आत कपडे घालतायत."

"वेळ नाही आपा. वरचे साहेब स्वतः येतायत. सगळं वेळेवर व्हायला हवं."

"वेळेवरच होईल. मेलेला माणूस कुठं पळतोय?"

तो बसला. मर्यमने कपात चहा ओतला, त्यात दूध घातले. बशी त्याच्यापुढे सरकवली. भिंतीपलीकडे पाणी पडत होते. एका लयीत, थांबून, पुन्हा. ती लय आमच्या वस्तीतल्या कुणालाही झोपेत ओळखू येते.

"पाण्याचा आवाज कसला?" रफकातने विचारले.

"नळ गळतोय," मर्यम म्हणाली.

"प्लंबर आलाय," मी म्हटले.

त्याने कप ओठाशी नेला आणि प्यायला नाही. नजर भिंतीवर. हा उठला, दार उघडले, की इल्दुसचा प्रबंध, नोकरी, सगळे या ओल्या जमिनीवर संपणार. पाणी थांबले, त्याचा चहा गार झाला, आणि शेवटी तो उठलाच. मी वाटेत उभी राहिले, तसा बाजूने निघाला आणि दार ढकलले.

जमीन ओली होती. हम्झा अब्जी पिशवी आवरत होते. बारी पलंगावर काळ्या टेलकोटात पडला होता, गळ्याशी पांढरा बो-टाय. हात आमच्या रीतीने दोन्ही बाजूंना सरळ.

"हात छातीवर घ्या. फोटोत तसेच असतात," रफकात म्हणाला.

"ताठलेत," इल्दुस म्हणाला. त्याच्या कोपरावरून अजून पाणी ठिबकत होते.

रफकातने ते पाणी पाहिले, अब्जींना पाहिले. मग म्हणाला, "ट्रक आला," आणि आधी खाली उतरला. तो भित्रा होता की हुशार, मला तेव्हा कळले नाही.

थिएटर माणसांनी फुलले होते. पेटी मंचाच्या पायथ्याशी, कमरेपर्यंत फुले. पहिल्या रांगेत वस्तीतल्या म्हाताऱ्या, डोक्याला पांढरे रुमाल. बारीवर त्यांचा फार जीव. पलीकडच्या रांगेत हुद्देदार. मानवंदनेला चौघे-चौघे पेटीभोवती उभे राहत आणि बदलत. मर्यम माझ्या शेजारी, तिची बोटे माझ्या बाहीत रुतलेली.

आणि मला ते दिसले. ट्रकच्या हादऱ्यांनी पेटीत बारी जरासा सरकला होता. बोच्या वर, कानाखाली, कापडाचे टोक बाहेर आले होते. माझे माप घेऊन फाडलेले कापड आजाराने आटलेल्या त्याला लांब पडले, हे मला आधी सुचायला हवे होते. काठ दुमडलेला नाही, सुते लोंबतायत. रशियन माणसाला तो शर्ट वाटला असता. आमच्या बायकांना नाही.

पहिल्या रांगेतल्या एकीने मान पुढे काढली. टक लावून पाहिले. मग तिने दोन्ही तळवे वर धरले, ओठ हलले आणि तळवे कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्यावरून फिरवले. दुआ संपली की आमच्यात फिरवतात तसे. तिचेही चुकले नाही, कफन दिसले की हात आपोआप उठतो. शेजारणीने ते पाहिले, मग बारीचा गळा पाहिला. तिचेही हात उठले. मग तिसरीचे. वारा गव्हावरून जावा तसे ते हात सगळ्या रांगेतून गेले.

मर्यम पुटपुटली, "मेलो. आता मेलो आपण."

साहेब नेमके तेव्हा मानवंदनेला निघाले होते. ते थांबले. त्यांनी म्हाताऱ्यांच्या रांगेकडे पाहिले आणि रफकातला जवळ बोलावले.

"काय करतायत या?" आम्हाला ऐकू आले, कारण वाद्ये नेमकी थांबली होती.

रफकातने रांगेकडे पाहिले. मग पेटीकडे. त्याची नजर त्या टोकावर गेली हे मी पाहिले. त्याच्या आईला याच वस्तीत असल्याच कापडात गुंडाळले होते. गुंडाळायला मी होते.

"डोळे पुसतायत," तो म्हणाला. "फार प्रेम होतं त्यांचं."

मग तो पुढे झाला, वाकला, निरोप घेतल्यासारखे बारीच्या कपाळाला ओठ लावले, आणि उठताना दोन बोटांनी ते टोक बोखाली सरकवले. साहेब पेटीपाशी उभे राहिले, मान झुकवली, परत जाऊन बसले. मर्यमने माझी बाही सोडली तेव्हा हाताला मुंग्या आल्या होत्या.

कब्रस्तानात भाषणे आटोपली. गारठा असा होता की बँडवाल्यांचे ओठ पितळेला चिकटत होते. साहेब गाडीत बसले, मागोमाग बाकीचे. रफकात मात्र राहिला. पदकांची उशी संग्रहालयात पोचवायची जबाबदारी त्याची, तसे त्याने सगळ्यांना सांगितले. उशी छातीशी धरून तो झाडाखाली उभा होता. त्याला जा म्हणणार कोण?

हम्झा अब्जींनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि कामाला लागले. पेटी उघडली. टेलकोट, शर्ट, बो सगळे निघाले. इल्दुसने ओव्हरकोटातून तिसरे कापड काढले. आमच्यात बायका कबरीपासून दूर थांबतात. मी आणि मर्यम कुंपणापाशी उभ्या होतो. बारीला पेटीविना खाली उतरवले, कबरीच्या भिंतीत खणलेल्या कोनाड्यात उजव्या कुशीवर निजवले.

मग अब्जींनी विचारले, "याला हाक कुणाचा मुलगा म्हणून मारू?"

विचारावेच लागते. नाव बापासकट घ्यायचे, नाहीतर दुआ कुणासाठी? इल्दुसने तोंड उघडले आणि रफकातकडे पाहिले. ते नाव इथे मोठ्याने घेणे म्हणजे वर्तमानपत्रातल्या चार ओळी पुसणे, आणि पुसणारा हात कुणाचा हे एका सरकारी माणसाने बघणे. इल्दुसचा श्वास पांढरा होऊन निघत होता, शब्द निघत नव्हता. खणणारे फावड्यांवर टेकून थांबले.

"सालिमझान मुल्लाचा."

मर्यम बोलली होती. कुंपणापासून, बाईने जिथून बोलायचे नसते तिथून, सगळ्या कब्रस्तानाला ऐकू जाईल एवढ्याने.

"सालिमझान मुल्लाचा मुलगा बारी," ती पुन्हा म्हणाली. "घ्या अब्जी, नाव घ्या त्याचं."

अब्जींनी घेतले. मला रडू आले ते तेव्हा, त्याआधी नाही. दुआ संपली, सगळ्यांचे तळवे चेहऱ्यावरून फिरले. मी वळून झाडाखाली पाहिले. रफकातने पदकांची उशी बर्फात ठेवली होती आणि त्याचे दोन्ही तळवे कपाळापासून हनुवटीकडे येत होते, सावकाश. त्याचे डोळे कोरडे होते, पुसण्यासारखे त्यांत काही नव्हते. मी नीट पाहिले.