एकतिसावं पान

परीक्षेतून बाहेर आलं की पायातले बूट काढायच्या आधी लिहायचं, हा आमच्यातला नियम. कुणी घातला, ठाऊक नाही. आमच्याआधी जर्मनीत आलेल्या परदेशी डॉक्टरांनी तो पाळला, त्यांच्याआधी आलेल्यांनीही पाळला. परीक्षक कोण होता, कुठला रोगी दिला, काय विचारलं, कशावर भडकला, सगळं एका पानावर. शेवटच्या ओळीत निकाल. पास असो, नापास असो, पान लिहायचंच. कारण तुम्ही आत गेलात ते दुसऱ्यांच्या पानांवर पाय ठेवून. अशी दोनशे चौदा पानं साठली होती. आम्ही त्याला गाठोडं म्हणायचो; ते फोनवरून फिरायचं, ज्याला हवी त्यानं प्रत काढायची.

आणि ओतारदादांनी पान लिहिलं नव्हतं.

मंगळवारी त्यांची परीक्षा झाली. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारी दुपारपर्यंत फोन बंद. माझी परीक्षा सोमवारी, त्याच परीक्षकापुढे, ब्रुंकहोर्स्टपुढे. त्यांची तिसरी होती, माझीही तिसरी. तिसऱ्यांदा नापास झालं की या देशात डॉक्टरकीचं दार बंद, कायमचं. मग सीरियात, आमूद्यात अकरा वर्षं बाळंतपणं केलेले माझे हात दुसऱ्यांच्या फरश्या पुसायला मोकळे.

दोन वर्षं दर शनिवारी सकाळी चर्चच्या मागल्या खोलीत आम्ही दोघं अभ्यासाला बसायचो. मी कुर्द, ते जॉर्जियाचे, कुताइसीचे. सव्वीस वर्षं शस्त्रक्रिया केलेला माणूस. दोघांच्या मध्ये एक मोडकी जर्मन आणि एक चहाची किटली. इकडच्या रीतीनं कपात आधी खडीसाखर टाकायची, वर कडक चहा, वर सायीचा थेंब. त्यांच्या गावी दोन शब्द बोलल्याशिवाय कुणी पेल्याला तोंड लावत नाही, म्हणून ते चहाचा कपही उचलून धरायचे.

"हा घोट स्वादुपिंडाला! बिचारं मागं लपून बसतं, पण रुसलं की घर जाळतं!"

मी मात्र गाऊन पाठ करायची. माझी आई सुईण होती. हातानं काम, तोंडानं गाणं. चालीत बांधल्याशिवाय माझ्याही डोक्यात काही राहत नाही. गाठोड्यातल्या ब्रुंकहोर्स्टलाही मी चालीत बांधला होता:

*ब्रुंकहोर्स्टपुढे बाई, उभं उजव्या अंगाला,*
*"मला वाटतं" म्हणू नको, राग येतो वाघाला.*

पानापानावर तेच लिहिलेलं होतं. हा माणूस 'मला वाटतं' खपवून घेत नाही. ठाम बोला. पित्ताशयाचा रोगी देतो, एकतिसावं पान बघा, तिथं सगळं क्रमानं आहे.

"गा बाई, गा," ओतारदादा म्हणायचे. "आमच्याकडे असं फक्त माणूस मेल्यावर गातात."

गुरुवारी वाऱ्याच्या तोंडावर सायकल रेटत मी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात गेले. तिथं ते मदतनीस होते. ज्या हातांनी माणसांची पोटं उघडून पुन्हा नीट शिवली, ते हात ओंकेन आजोबांना कोबीची पातळ भाजी भरवत होते.

"पान कुठंय?" मी दारातूनच विचारलं.

"मोइन, डॉक्टरीणबाई," त्यांनी इथला रामराम घातला. "बस."

"बसायला नाही आले. तीन दिवस झाले. सोमवारी मी आत जाणार आहे. दोनशे चौदा जणांनी लिहिलं, त्यांना घरदार नव्हतं? की तुम्ही पास झालात आणि आता आम्ही कोण, तुम्ही कोण?"

चमचा आजोबांच्या ओठाशी थांबला. दादांनी तो हलकेच आत सरकवला, हनुवटी पुसली.

"नापास," ते म्हणाले.

मी आत जाऊन स्टुलावर बसले.

"आणि लिहीन काय? ऐक. रोगी म्हातारा. उजवीकडे, बरगडीखाली दुखतंय म्हणाला. मला एवढा आनंद झाला, हेवीन, एवढा! एकतिसावं पान! घडाघडा म्हणालो. पित्ताशयात खडे, ताप म्हणजे सूज, अमुक तपासणी, तमुक औषध, चार दिवसांत शस्त्रक्रिया. एकदाही 'मला वाटतं' म्हणालो नाही. ब्रुंकहोर्स्टनं ऐकून घेतलं. मग रोग्याच्या पोटावरची चादर बाजूला केली."

"मग?"

"तीन भोकं, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची. बेंबीपाशी एक, वर दोन. जुनी, पुसट. पित्ताशय दहा वर्षांपूर्वीच काढलेलं." त्यांनी आपले पंजे पुढं धरले. "असली भोकं मी या हातांनी दोन हजार पोटांना पाडलीत. झोपेत हात फिरला तरी ओळखेन. पण मी पोट बघतच नव्हतो. मी पान बघत होतो. दुखणं वर होतं, फुफ्फुसाच्या तळाशी. न्यूमोनिया."

आजोबांनी तोंड उघडलं. दादांनी चमचा भरला.

"आणि तो काय म्हणाला?"

"टेबलाशी परतल्यावर खणातून गठ्ठा काढला. आपलं गाठोडं, बाई. छापून, भोकं पाडून, फाइलीत लावलेलं. म्हणाला, 'एकतिसावं पान, नाही का? डॉक्टरसाहेब, पुढचा प्रश्न कुठल्या पानावरून विचारू?' बाकीचे दोन उमेदवार हसले. भीतीनं हसले, पण हसले."

मला राग आला. आधी त्या माणसावर. मग त्या हसणाऱ्यांवर. मग माझ्या स्वतःवर, कारण एकतिसाव्या पानाला चाल मीच लावली होती. शनिवारी किटलीवर बोटांनी ताल धरून मीच त्यांच्याकडून ते घोटून घेतलं होतं.

"माझ्यासाठी तिथं तोंड उघडू नकोस," ते म्हणाले. "शपथ आहे. आधी पास हो. राग नंतर येत राहील, त्याला कुठं परीक्षा द्यायचीय?"

रविवारी मी गाठोडं उघडलं. प्रश्न वाचले नाहीत. दोन वर्षांत कधी न वाचलेल्या शेवटच्या ओळी तेवढ्या वाचल्या. *नापास. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. पास, पण चार वर्षं लागली, हात विसरले असतील. नापास. आईला फोनवर पास झाले म्हणून सांगितलं, ती पेढे वाटतेय तिकडे. पास. माझ्यासाठी नमाज पढलेल्या सगळ्यांना सलाम.* आणि हे सगळं त्या माणसानं छापून, भोकं पाडून खणात ठेवलं होतं. आमचं रडणं त्याच्याकडे फाइलीला लावलेलं होतं.

मी गाठोडं पिशवीत घातलं आणि पिशवी कपाटावर टाकली. सोमवारी रिकाम्या हातानं गेले.

रोगी होती आल्स आजी. इथल्या गावठी बोलीत बोलत होती, अर्धं कळत होतं, अर्धं नाही.

"तू कितवी गं?" तिनं विचारलं. "सकाळपासून तिघांनी दाबलं. भाकरीचं पीठसुद्धा एवढं कुणी तिंबत नाही."

"मी शेवटची, आजी. आणि मी हळू दाबते."

ओठावर आपसूक ब्रुंकहोर्स्टची ओवी आली. ती मी गिळली. तिच्या खाली आणखी एक होती, फार जुनी, आईची:

*हात ठेव पोटावर, डोळा ठेव तोंडावर,*
*दुःख नाही सांगत बाई, येतं पण भुवयांवर.*

हात आजीच्या पोटावर फिरवला आणि डोळे तिच्या चेहऱ्यावर ठेवले. उजवीकडे काही नाही. वर काही नाही. खाली डाव्या बाजूला बोटं नुसती टेकली आणि तिची डावी भुवई उडाली. तिनं हूं की चूं केलं नाही. इथली माणसं करत नाहीत. मी तिथंच थांबले, ताप विचारला, शौचाचं विचारलं, वजन विचारलं. वजन कमी झालंय का, ते तिला सांगता येईना. म्हणाली, स्कर्ट सैल झालाय खरा, पण लेकीनं मोठा आणला असेल.

दुपारी टेबलापलीकडे तिघं. मधे ब्रुंकहोर्स्ट, डावीकडे शस्त्रक्रियेच्या टॅमनबाई, उजवीकडे एक गृहस्थ, जे सारखं घड्याळ बघत होते. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक उमेदवार. ब्रुंकहोर्स्टनं खण ओढला. गठ्ठा टेबलावर ठेवला. माझ्या शेजारचा उमेदवार हसायच्या बेतात होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ओठ चावला.

"तर, डॉक्टरीणबाई," ब्रुंकहोर्स्ट म्हणाला. "आज कितवं पान?"

दादांची शपथ माझ्या जिभेवर दगडासारखी होती. मी ती मोडली नाही. दादांचं नावही घेतलं नाही.

"मला वाटतं," मी म्हणाले.

खोलीत कुणाची तरी खुर्ची करकरली. ब्रुंकहोर्स्टनं चष्मा काढला.

"डॉक्टरला वाटत नसतं. डॉक्टरला माहीत असतं."

"मला वाटतं," मी पुन्हा म्हणाले, थोडं मोठ्यानं, "आल्स आजींच्या मोठ्या आतड्याला डाव्या बाजूला फुगवटे आलेत आणि त्यांना सूज आहे. वाटतं, कारण मी फक्त हात लावलाय, आत बघितलेलं नाही. आधी रक्त तपासीन, सोनोग्राफी करीन, गरज पडली तर सीटी. स्कर्ट सैल झालाय म्हणतात, म्हणून सूज उतरल्यावर आतून दुर्बिणीनं बघीन. या वयात तिथं गाठही असू शकते. आत्ताच ठाम सांगायचं तर सांगता येईल, साहेब. ठाम बोललं की तुम्हाला आवडतं, हे या पानांवर दोनशे चौदा वेळा लिहिलंय. म्हणून आम्ही स्वतःला काही वाटू द्यायचंच सोडून दिलं. आणि ज्याला वाटत नाही, त्याला पोटावरची भोकं दिसत नाहीत."

ब्रुंकहोर्स्टची मान लाल झाली, कॉलरपासून कानापर्यंत.

"तुम्ही मला—"

"गठ्ठा तुमच्याकडे आहे," मी म्हणाले. "प्रश्न तुमचे आहेत, ते तुम्हाला पाठच असतील. शेवटच्या ओळी वाचा एकदा. त्या आमच्या आहेत."

घड्याळवाल्या गृहस्थांनी घड्याळ बघायचं सोडलं. टॅमनबाईंनी हात पुढं केला, गठ्ठा टेबलावरून उचलला आणि खाली, स्वतःच्या पायाशी ठेवला.

"डाव्या बाजूचं दुखणं एकदम साऱ्या पोटात पसरलं, पोट लाकडासारखं झालं," त्या म्हणाल्या. "मग काय कराल?"

मग दीड तास प्रश्न. त्यातला एकही गाठोड्यातला नव्हता. चुकले तिथं चुकले म्हणाले. माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणाले. ब्रुंकहोर्स्टनं एकच प्रश्न विचारला, थायरॉइडचा, माझ्याकडे न बघता.

आम्हाला बाहेर काढलं. भिंतीला टेकून उभं राहायचं, एकेकाचं नाव येतं. माझं नाव आलं तेव्हा टॅमनबाई दारात होत्या. "पास," त्या म्हणाल्या आणि हात दिला. ब्रुंकहोर्स्टनंही दिला. ओल्या कोबीच्या पानासारखा. त्यानं गठ्ठा परत खणात घातला होता. खण बंद होता. बस. एवढंच.

नियम नियम आहे. दवाखान्याबाहेरच्या बसथांब्यावर बसून मी दोनशे पंधरावं पान लिहिलं. बूट पायातच होते. *पोट बघा. तोंड बघा. 'मला वाटतं' म्हणा.* शेवटच्या ओळीत पास. त्या शब्दाचा आनंद झाला असेल, पण तो रागाच्या खाली कुठंतरी दबला होता, राखेखालच्या निखाऱ्यासारखा, आणि मला फुंकर घालायची इच्छा नव्हती.

वृद्धाश्रमात ओतारदादा व्हरांड्यात चहा घेत होते. माझा चेहरा बघून कळलंच त्यांना. त्यांनी कप उचलून धरला, तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्यांना दोन शब्द सुचले नाहीत. कप तसाच वर राहिला.

मी त्यांच्यापुढं कोरा कागद ठेवला, वर पेन.

"तुमचं पान राहिलंय."

"हेवीन, सोड. मला आता परीक्षा नाही, काही नाही. ते पान कोणाच्या कामाचं?"

"तीन भोकांचं लिहा. माझ्यामागनं अजून शंभर जण आहेत, एकतिसावं पान घोकतायत. चाल मीच लावून दिलीय त्यांना."

"मी लिहिलं की तो छापून घेईल. पुन्हा खणात लावील. वाचील आणि हसेल."

"वाचू दे," मी म्हणाले. "त्याच्यासाठीच लिहा."

त्यांनी कप खाली ठेवला, पेन घेतलं, टाके घालताना सुई धरतात तसं तीन बोटांत, आणि वाकून आपल्या पायांकडे बघितलं. मदतनिसांच्या पांढऱ्या रबरी सपाता होत्या पायात.

"बूट काढून तर सहा दिवस झाले," ते म्हणाले.

"जा, घालून या. मी थांबते."