अक्षतांच्या दिवशीचा खरखराट

'महाविद्यालयाचे रेडिओ-केंद्र स्थापनेपासून अखंड कार्यरत असून त्याची निरीक्षणे थेट क्लाउडवर पोहोचतात. नोंदींत आढळलेली पुनरावृत्ती ही संशोधक विद्यार्थिनी बुद्धप्रिया हिने केलेला फेरफार होय.'

विभागप्रमुख डॉ. सोमशेखर यांचे हे निवेदन चौकशी समितीपुढे वाचले गेले. समितीने ते मान्य केले असते, तर बुद्धप्रियाची पीएचडीची नोंदणी त्याच दुपारी रद्द झाली असती. समितीत मी इतिहासाचा प्राध्यापक म्हणून होतो. बनावट दस्तऐवजांशी माझा परिचय जुना आहे. मात्र बनावट शोधून काढणाऱ्यालाच आरोपी करणारा दस्तऐवज मी प्रथमच पाहत होतो.

कारण तक्रार मुळात बुद्धप्रियाचीच होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागांच्या मोटारी रेडिओलहरींत जो खरखराट मिसळतात, तो तिच्या प्रबंधाचा विषय. गच्चीवरच्या अँटेनाने तो टिपायचा, प्रमुखांच्या केबिनमधल्या संगणकाने क्लाउडवर चढवायचा आणि तिने तिथून वाचायचा. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत अक्षतांच्या दिवशी, म्हणजे प्रतीकात्मक विवाहसोहळ्याच्या दिवशी, शहरातले माग बंद असतात. क्लाउडवर मात्र त्या दिवशीही ते जोमाने चालू होते; आधीच्या दिवसांचाच खरखराट पुन्हा उमटला होता. तिने हे प्रमुखांना कळवले. उत्तरादाखल तिला नोटीस मिळाली.

तिला क्लाउडवरच्या नोंदी केवळ वाचण्याची मुभा होती, बदलण्याची नव्हती. निवेदनाने या क्षुल्लक तपशिलाची दखल घेतलेली नाही. शिवाय केंद्रातला हा रेडिओ म्हणजे बहुतांशी संगणकातली आज्ञावलीच. लहरी अँटेनाकडून घ्यायच्या की जुन्या रेकॉर्डिंगमधून, हे त्या आज्ञावलीला एका ओळीत सांगता येते. पुढे क्लाउड त्याची चौकशी करत नाही. जे पोहोचेल त्याला तो ताजे मानतो आणि डॅशबोर्डवर हिरवा दिवा लावतो. एवढी निष्ठा आमच्या कार्यालयांतही दुर्मिळ आहे.

"अहो बुद्धप्रिया मॅडम," डॉ. सोमशेखर हसून म्हणाले, "आता आमच्या रेडिओला तुम्ही पंचांग शिकवणार का?"

"पंचांग नको सर. गच्चीची किल्ली द्या."

"किल्ली शिपायाकडे असते."

"शिपाई म्हणतो, तुमच्याकडे असते."

"असेल. पण वर कशाला? लई ऊन आहे, मॅडमना त्रास होईल."

या मॅडम म्हणजे समितीच्या अध्यक्ष, प्राचार्या मालतीबाई. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सोमशेखर, अक्षतांच्या दिवशी तुम्ही स्वतः यात्रेची पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीत होतात ना? मला फोटो पाठवला होतात."

"व्हय मॅडम. दरवर्षी असतो."

"मग माग बंद असतात, हे तुम्हाला ठाऊक होतं. किल्ली द्या."

आम्ही वर गेलो. अँटेना उभी होती. तिच्यापासून निघालेली केबल पत्र्याखालच्या डब्यापर्यंत आली होती. डब्यात दोन स्क्रू आणि कबुतराची पिसे एवढेच होते; लहरी टिपणाऱ्या यंत्राच्या जागी काळा डाग होता. बुद्धप्रियाने केबलचे मोकळे टोक एका हातात धरले आणि दुसऱ्या हाताने मोबाइल मालतीबाईंसमोर केला. पडद्यावर दिवा हिरवा होता आणि आलेख मजेत नाचत होता.

"सर, हे आत्ता कुठून येतंय?" तिने विचारले.

डॉ. सोमशेखर यांनी आधी उष्म्याला दोष दिला, मग कंत्राटदाराला. शेवटी ते मालतीबाईंकडे वळले, सहकाऱ्याला अडचण समजावून सांगावी अशा आपुलकीने. त्यांचे पुढचे वाक्य मी शब्दशः नोंदवले आहे. त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही:

"यंत्र गेल्या उन्हाळ्यातच जळालं होतं मॅडम, तपासणीच्या दिवशी दिवा लाल दिसू नये म्हणून मी रेकॉर्डिंग लावलं आणि ते तसंच राहिलं; आणि नाव कुणाचं तरी घालावंच लागणार होतं, तर हिचं घातलं, कारण हिच्या बाजूनं विचारायला कोण येणार होतं?"