टेकडी, पायथा आणि पिवळं रबर

डोळे मिटा पाहू, मुलांनो. नको, नको, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं! उघडेच राहू द्या आणि मनात एक दुकान उभं करा. लहानसंच. दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने पायरीवर थांबावं, एवढं. भिंतीला खिळे, खिळ्यांना वायरींची वेटोळी, आणि लांब टेबलावर पोटं उघडून पडलेले लॅपटॉप. आता जरा जवळ या. प्रत्येक लॅपटॉपला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली दिसते का? तिच्यावर तीन ओळी असतात : नाव, दुखणं, कधी हवा.

हे दुकान एका मामाचं. मामाचा नियम पक्का होता. चिठ्ठी बांधल्याशिवाय एकही स्क्रू फिरवायचा नाही, आणि एकदा बांधली की सांगितलेल्या वेळेच्या आत काम करून द्यायचं. या बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. फक्त घरच्यांना चिठ्ठी नसे. "घरच्यांना कसली चिठ्ठी? घरचं काय, केव्हाही होतंय," असं तो म्हणायचा. केव्हाही म्हणजे कधीच नाही, हे त्याच्या भाचीला अकराव्या वर्षीच कळून चुकलं होतं.

या भाचीला सगळे खार म्हणत. दुकानात पडलेले स्क्रू ती वेचायची आणि एका पत्र्याच्या डबीत साठवायची, म्हणून खार. तिचा जुना लॅपटॉप पंधरा दिवस फळीवर पडून होता. तो सुरू व्हायचा, पण पडदा काळा. बिजागरीपाशी पडद्याची वायर तुटली होती. मामाने पहिल्याच दिवशी मागचं झाकण काढून पाहिलं, "अर्ध्या तासाचं काम आहे," म्हणाला, आणि झाकण कुठेतरी ठेवून दुसऱ्या कामाला लागला. पडदा लटकू नये म्हणून खारीने आपल्या वेणीचं पिवळं रबर काढून त्याच्याभोवती अडकवलं.

सोमवारी सकाळी तिच्या शाळेत संगणक मंडळाची निवड होती. ज्याने त्याने स्वतः बनवलेला खेळ स्वतःच्या यंत्रावर आणून दाखवायचा. खारीचा खेळ तयार होता. एक गोगलगाय रस्ता ओलांडते आणि आपण तिच्यासाठी गाड्या थांबवायच्या. दुकानातला जुना, जाडजूड पडदा जोडून तिने तो पुरा केला होता. पण तो पडदा उचलायला दोन माणसं लागत. गोगलगाय शाळेत जायची तर लॅपटॉप दुरुस्त व्हायलाच हवा होता.

आणि नेमकी तेव्हाच ती बातमी आली.

एक मोठी कंपनी म्हणे अगदी स्वस्त लॅपटॉप काढणार होती. किती स्वस्त? आदल्या सोमवारी ऐकलं तेव्हा तो सायकलच्या किमतीत मिळणार होता, बुधवारी बुटांच्या, आणि शुक्रवारपर्यंत बुटांच्या नाड्यांपर्यंत आला होता. कुणी पाहिला नव्हता, पण माहितीकाकांना सगळं माहीत होतं. माहितीकाका म्हणजे निवृत्त कारकून. रोज दुपारी ते मामाच्या एकुलत्या एका खुर्चीत बसायचे आणि "आतल्या गोटातून" कळलेलं सांगायचे. तो गोट कुठे आहे हे कुणीच विचारत नसे.

मामाला ही बातमी अशी काही चढली की विचारू नका. फळीवरची सगळ्यात चांगली जागा त्याने झाडूनपुसून रिकामी केली. पेंटरकडे पाटी रंगवायला दिली : 'इथे मिळेल', आणि पुढे नावापुरती मोकळी जागा. नाव अजून ठरायचं होतं ना! आणि एवढ्यावर न थांबता तो दारात आलेल्या गिऱ्हाइकांना सांगू लागला, "जुनं कशाला दुरुस्त करता? थांबा पंधरा दिवस."

शनिवारी दुपारी दुकानात याच नावावरून जुंपली होती.

"कंपनीच्या मोठ्या लॅपटॉपचं नाव शिखर," माहितीकाका म्हणाले. "त्याहून छोट्याचं कडा. म्हणजे या स्वस्ताचं नाव टेकडी. सरळ हिशेब आहे."

"टेकडी? कोण घेईल टेकडी?" मामा म्हणाला. "पायथा ठेवतील. पायथा कसं भक्कम वाटतं."

"काहीही ठेवू दे, पण लांब ठेवू दे," पेंटर पायरीवरून म्हणाला. तो अक्षरांवर पैसे घ्यायचा. "तीन अक्षरांत माझा ब्रशसुद्धा भिजत नाही."

शेजारच्या गाळ्यात कपडे शिवणाऱ्या बाई होत्या. दोघांच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत, त्यामुळे इकडचं सगळं तिकडे ऐकू जायचं. मशीन थांबवून त्या ओरडल्या, "शिखर, कडा, टेकडी, पायथा! अजून खाली उतरा की. खड्डा ठेवा! पाण्यात म्हैस आणि वर मोल चाललंय तुमचं!"

"बाई, तुम्हाला यातलं कळत नाही," काका म्हणाले.

"नाहीच कळत. आम्ही आधी कपडा शिवतो, मग त्याला सदरा म्हणायचं की झबलं ते बघतो."

खार मामाच्या कोपरापाशी आली. "मामा, परवा सोमवार आहे."

"माहीत आहे गं."

"अर्ध्या तासाचं काम आहे, तूच म्हणालास."

"अगं, कुठे त्या डबड्याच्या मागे लागतेस? नवा आला की पहिला तुला. शब्द दिला!"

"सोमवारी येणार आहे का तो?"

मामाने काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे पाहिलं. आणि तेवढ्यात काकांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, फोन हातभर लांब धरला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मामा स्टुलावरून उठलाच.

"आला! फोटो आला! चोरून काढलेला दिसतोय. आतल्या गोटातून!"

सगळी डोकी एकमेकांवर आपटली. पेंटरही पायरी सोडून आत घुसला. फोटो अंधुक होता. कुठल्यातरी फळीवर एक पातळसा लॅपटॉप होता, आणि खाली लिहिलं होतं, 'नाव अजून ठरलेलं नाही, जागा सोडली आहे.'

"बघा, बघा!" काका म्हणाले. "कंपनीच लिहितेय, नाव ठरलेलं नाही!"

"आणि पातळ किती आहे!" मामा म्हणाला. "मागे तर काही दिसतच नाही. असं काम आपल्याकडे कुणाला जमायचं? शिकलेली माणसं आहेत ती."

"आणि हे पिवळं काय?"

मामाने डोळे बारीक केले. वीस वर्षांचा अनुभव पणाला लावून तो म्हणाला, "हा पट्टा आहे. बंद केल्यावर आपोआप आवळत असणार. मुलांच्या हातून पडला तरी उघडायचा नाही. काय डोकं चालवलंय! नवीनच तंत्र दिसतंय."

खारीचं डोकं सगळ्यांच्या कोपराखाली होतं, पण तिचे डोळे सगळ्यांत तरुण होते. तिने फोटो पाहिला. मग फळीकडे पाहिलं. मग पुन्हा फोटो.

"मामा, ते माझं रबर आहे."

"गप गं. मोठी माणसं बोलतायत."

"वेणीचं रबर आहे. आणि तो लॅपटॉप माझा आहे. मागे काही दिसत नाही, कारण झाकण तू काढलंस."

काका हसले, कसे ते सांगतो : लहान मुलाने आकाशातला चंद्र माझा म्हटल्यावर हसतात ना, तसे. खार स्टूल ओढत फळीपाशी गेली, चढली, लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून आणला आणि टेबलावर फोनच्या शेजारी ठेवला. पिवळं रबर तेच. कोपऱ्यावरचा अर्धगोल डाग तोच, मामाच्याच सोल्डरिंगच्या चटक्याने पडलेला. फोटोत मागे दिसणारं वायरींचं वेटोळं समोरच्या खिळ्यावर हलत होतं.

फळ्यांपलीकडचं मशीन थांबलं.

मग पेंटर खाकरला. "त्याचं असं झालं... पाटी केवढी बसेल ते माझ्या मेहुण्याला विचारायचं होतं. तोही पेंटरच आहे. म्हणून मंगळवारी भिंतीचा फोटो काढला. हा खाली कोपऱ्यात आला असेल. आणि ते खालचं मी पाटीबद्दल लिहिलं होतं. मेहुण्याने पुढे कुणाला पाठवलं, त्याने कुणी कोपरा तेवढा कापून..."

पुढचं त्याला बोलताच आलं नाही, कारण पलीकडे बाई इतक्या मोठ्याने हसत होत्या की फळ्या हादरत होत्या. "शिकलेली माणसं!" त्यांना मध्येच श्वास पुरत नव्हता. "नवीनच तंत्र! अहो, दहा रबरं मिळतात एका पुडीत!"

मामा मटकन स्टुलावर बसला. "आज सकाळी चार गिऱ्हाइकं परत पाठवली मी," तो हळूच म्हणाला. "थांबा म्हणून."

आता तुम्हाला वाटेल, काकांनी लाजून मान खाली घातली असेल. छे! त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "फोटो खोटा असेल," ते म्हणाले, "पण बातमी खरी आहे. उलट, खोटे फोटो निघतात, त्याअर्थी काहीतरी असणारच."

आणि मुलांनो, खरी गंमत पुढे आहे. मामाची मान हलली! "त्यात तथ्य आहे म्हणा," तो पुटपुटला, आणि त्याची नजर पुन्हा त्या झाडूनपुसून ठेवलेल्या रिकाम्या जागेकडे गेली. "पायथाच ठेवतील."

"टेकडी," काका म्हणाले.

खारीने एकदा मामाकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. ती रडली नाही, रुसली नाही. तिने टेबलाच्या खणातून एक कोरी चिठ्ठी काढली आणि पेन्सिल घेतली. नावाची ओळ तिने पाटीवरच्या जागेसारखी कोरी सोडली. दुखण्याच्या ओळीत लिहिलं, 'पडद्याची वायर तुटली आहे.' कधी हवा, तिथे लिहिलं, 'आत्ता.' चिठ्ठी लॅपटॉपला दोऱ्याने घट्ट बांधली, दोन गाठी मारल्या. स्क्रूची डबी टेबलावर उपडी केली. मग पिवळं रबर सोडवून वेणीला लावलं, आणि स्क्रूड्रायव्हर मामाच्या हातात दिला.