सोन्याची ऊब

त्या दुपारी तनुजाचा आवाज शाळेच्या हॉलमध्ये पार मागच्या भिंतीवर जाऊन आपटला. विज्ञान प्रदर्शनात जगाचा नकाशा टांगून तिनं घाना दाखवलं, पेरू दाखवलं, इंडोनेशिया दाखवलं. दरवर्षी तीन हजार टनांहून जास्त सोनं जमिनीतून उपसतात आणि एका अंगठीपायी दगडमातीचे ढीगच्या ढीग उलथतात, हे तिनं ठणकावून सांगितलं. सायनाइडची तळी सांगितली. नदीकाठी मातीत पारा कालवणारी, त्याचा गोळा उघड्यावर तापवणारी माणसं सांगितली. तो पारा वाफ होऊन त्यांच्या छातीत जातो, नदीत उतरून माशांत जातो. टाळ्या पडल्या! गेल्या वर्षी हजेरीलासुद्धा जिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता, ती पोरगी तरंगतच पडेगावला घरी आली.

आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

शेगडीवर लोखंडी पळी आणि पळीत चंदेरी गोळा. शेजारी पाटावर सत्यशीला वहिनी, सातवा महिना, हिरवी साडी, पोटावर पदर पसरून बसलेली. तिचा नवरा अजिनाथ, म्हणजे तनुजाचा भैया, शेगडीपाशी बसून लायटरनं टक् टक् करत होता. ठिणगी काही बर्नरवर पडत नव्हती.

हे घर झारेकऱ्यांचं. सराफ्यातल्या कारागिरांच्या पायाखालची धूळ, राख, केर विकत आणायचा, धुवायचा, पारा घालून त्यातले सोन्याचे कण धरायचे आणि मग गोळा तापवून पारा उडवून द्यायचा. एरवी हे सगळं गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाले. पण घरात पहिलं लेकरू यायचं असलं, की त्याच्या बाळीपुरतं सोनं घरच्या शेगडीवर काढायचं आणि पोटुशी सून जवळ बसवायची. सोन्याची ऊब पोटाला लागली पाहिजे म्हणे!

नकाशावर बोटं नाचवताना तनुजाला स्वतःची गच्ची एकदाही आठवली नव्हती. आता डोक्यात असा जाळ झाला की दप्तर कुठं पडलं तेही तिला कळलं नाही.

"भैया, लायटर ठेव खाली!"

"आली बाई पुढारीण," ओट्याशी उभे असलेले तिचे वडील, आण्णा, हसले. "बक्षीस मिळालं वाटतं."

"वहिनी, ऊठ तिथनं. ती ऊब सोन्याची नाय, पाऱ्याची वाफ हाय. सगळी लेकराला जाईल."

"धूर तरी दिसतो का गं त्याचा?" आई म्हणाली. "भैयाच्या वेळंला मी बी बसले होते. काय झालं मला?"

"दिसत नाय, वास येत नाय, म्हणूनच तर कुणी पळत नाय ना!"

आण्णांचं हसू गेलं. "माझ्या बापानं जन्मभर पारा उडवला. म्हातारा होऊन गेला."

"कसा गेला ते सांगा ना, आण्णा! बशी तोंडाशी नेली की चहा सदऱ्यावर. शेवटी तुम्हीच घास भरवत होता."

"वय झालं होतं त्याचं."

"मग भैयाचं बी वय झालं का? बघा त्याच्या हाताकडं, कसा कापतोय!"

टक् टक् थांबलं. अजिनाथनं हात मांडीखाली सारला, पण सत्यशीलानं तो पाहिला होता. ती हळूच म्हणाली, "दिवाळीपासनं ह्यांच्या शर्टाच्या गुंड्या मीच लावते. मला वाटलं, लाडात येतात."

सत्यशीला एका हातानं भिंत धरून उठली.

"बस गं खाली," आई घाबरली. "असं मधूनच उठू नये."

"आत्याबाई, बाळीवाचून लेकराचे कान अडत नाहीत," म्हणत ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

आण्णांनी पळी उचलली. "एवढंच ना? गच्चीवर नेतो."

तनुजा जिन्यात आडवी उभी राहिली. "पलीकडच्या गच्चीवर पोरं खेळतात. आणि तुमचं धुवण खाम नदीत जातं, त्याचं काय?"

"लई शिकली तू! आणि ही शाळा, हे पायातले बूट कशातनं आले गं? त्याच धुवणातनं!"

हे मात्र वर्मी लागलं. पण ती जागची हलली नाही. "बंद भांड्यात तापवा. नळी पाण्यात सोडायची, पारा परत मिळतो. दाखवते मी चित्र."

"चित्रानं पोट भरतं का?"

तेवढ्यात अजिनाथ उठला. त्यानं आण्णांच्या हातातली पळी घेतली, गोळा काचेच्या बरणीत टाकला, वर पाणी ओतलं. झाकण आट्यांत बसवायला त्याला तीन खेपा लागल्या. "तसं भांडं आणीस्तवर मी शेगडी पेटवणार नाय, आण्णा. इथं नाय, गच्चीवर बी नाय."

आण्णांनी रिकामी पळी उचलून मोरीत भिरकावली आणि दार आपटून ते बाहेर पडले.

तनुजा पायरीवर वहिनीशेजारी जाऊन बसली. वाटलं, वहिनी आता मिठी मारेल. सत्यशीलानं तिच्याकडं बघितलंही नाही.

"ह्या घरात आल्यापासनं ह्यांचे शेडमधले कपडे मी हातानं धुते," ती म्हणाली. "परक्या मुलखातलं सगळं ठाऊक तुला. वरच्या शेडमधलं दिसलं नाय?"

तनुजानं वर शेडकडं बघितलं.

"उद्या घाटी दवाखान्यात माझ्यासंग यायचं. ह्यांना बी घेऊन. शाळेत बोललीस ते समदं डॉक्टरपुढं बोलायचं, आणि ह्या कपड्यांचं बी. एक शब्द गिळलास तर बघ!"

"येते," तनुजा म्हणाली.

"मग जा, आतनं माझी दवाखान्याची फाईल काढून आण. आत्ताच."